घराच्या छपराला मोजमाप पुस्तिका

प्रति,
मा. सरपंच, उपसरपंच व सर्व सदस्य,
ग्रामपंचायत लोणी काळभोर, ता. हवेली, जि. पुणे

विषय : छपराच्या कामासाठी ठेकेदार पारखणे आणि फसवणूक टाळणे

छपराच्या कामात फसवणूक व्हायला सर्वांत सोयीचा काळ म्हणजे एप्रिलचा शेवटचा आठवडा ते जूनचा पहिला आठवडा. वळवाचा एक पाऊस झाला, दोन पत्रे उडाले किंवा स्लॅबला ओल आली, की लोणी काळभोर, कदमवाकवस्ती, कुंजीरवाडी, थेऊर या सगळ्या पट्ट्यात एकाच वेळी मिस्त्रीची शोधाशोध सुरू होते. चांगल्या फॅब्रिकेटरकडे त्या दिवसांत तारीख नसते. ज्याच्याकडे लगेच तारीख असते, त्याच्याकडे ती कशी काय मोकळी, हे विचारायला घरमालकाला सवड नसते. निम्मी फसवणूक या घाईतूनच होते. दिवाळीनंतर काढलेले काम त्याच पैशात बरे होते आणि माणसाला नाही म्हणायलाही वेळ मिळतो.

ग्रामपंचायत स्वतःचे काम करते तेव्हा चित्र वेगळे असते. अंगणवाडीवर पत्रा टाकायचा असो किंवा स्मशानभूमीत शेड उभारायची असो, आधी अंदाजपत्रक होते, दर मागवले जातात, अभियंता मोजमाप पुस्तिकेत लांबी, रुंदी, जाडी नोंदवतो, बिलातून सुरक्षा ठेव कापून ठेवली जाते आणि दोष दायित्वाचा कालावधी संपल्यावरच ती ठेकेदाराला परत मिळते. ही पद्धत कागदी म्हणून हिणवली जाते, आणि ती पाळूनही वाईट कामे होतात हे सगळ्यांनी पाहिलेले आहे. तरी तिच्यामागचा विचार पक्का आहे. ठेकेदार भला की बुरा, याचा निवाडा ती करत नाही. ती काम मोजते आणि थोडे पैसे हातात राखते. त्याच गावातला माणूस मात्र स्वतःच्या घरावर दोन-तीन लाख घालताना चहाच्या टपरीवर तोंडी दर ठरवतो, निम्मे पैसे रोख देतो आणि पत्रा कोणता येणार हे ट्रॅक्टरमधून उतरताना पाहतो.

यामागे अडाणीपणा नसतो, भीड असते. छपराचा ठेकेदार बहुतेक वेळा अगदी परका नसतो. तो भावकीतला, मेहुण्याच्या ओळखीचा किंवा शेजारच्या गावातला असतो. त्याच्याकडून लिहून घेणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, असे वाटते. भीड भिकेची बहीण, ही म्हण छपराच्या व्यवहाराला जितकी लागू पडते तितकी क्वचित दुसऱ्या कशाला पडत असेल. पैसे घेऊन रातोरात पसार होणारा ठग तसा विरळा. नेहमीचा त्रास देतो तो ओळखीतला माणूस: तीन ठिकाणी उचल घेऊन ठेवतो, तीनही कामे अर्धवट लटकवतो, फोन उचलत नाही आणि पाऊस लागल्यावर हात वर करतो. त्याची दानत वाईट असतेच असे नाही. एका घराच्या उचलीतून तो दुसऱ्या घराचा पत्रा भरत असतो, आणि एक जण पैसे द्यायचा थांबला की सगळी साखळी तुटते.

परक्या ठगांच्या तऱ्हाही ठरलेल्या आहेत. दुपारी घरात वडीलधारी माणसेच असताना दोघे मोटारसायकलवरून येतात. पलीकडच्या साइटवर काम चालू आहे, माल उरला आहे, आज सांगितले तर निम्म्या दरात करून देतो, म्हणतात. एक जण न विचारता शिडी लावून वर चढतो आणि खाली येऊन सांगतो की पत्रा पार सडला आहे, या पावसात बसणार. सडलेला तुकडा हातात घेऊन दाखवतोही. तो त्याच घराचा असतो असे नाही. दुसरी तऱ्हा केमिकलवाल्यांची. कौलाच्या तुकड्यावर द्रव लावून वर पाणी ओततात, थेंब मोत्यासारखे घरंगळतात, आणि पाहणारा भुलतो. बरेच सिलिकॉनचे द्रव ताज्या कौलावर हे करून दाखवतात. स्लॅबची चीर मात्र त्याने बुजत नाही.

ठेकेदार निवडण्याआधी काम कोणत्या जातीचे आहे हे ठरवावे लागते, कारण एकच माणूस सगळी छपरे जाणत नाही. गावठाणातल्या जुन्या घरांवरची मंगलोरी कौले फेरायला लाकूडकाम कळणारा सुतार लागतो. वासा कुजला आहे की नुसते कौल सरकले आहे, हे त्यालाच ओळखता येते. असे कारागीर आता थोडे उरले आहेत आणि त्यांच्याबाबत फसवणुकीपेक्षा तारीख मिळणे हाच प्रश्न असतो. स्लॅबची गळती हे गवंडी आणि वॉटरप्रूफिंगवाल्याचे काम. गोठा, भाड्याच्या खोल्या, गच्चीवरची शेड, गोदाम ही सगळी फॅब्रिकेटरची कामे; सोलापूर रस्त्याला दुतर्फा वेल्डिंगच्या ठिणग्या उडताना दिसतात ती दुकाने यांचीच. लोणीत सर्वाधिक पैसा या तिसऱ्या जातीत जातो, म्हणून तिच्यावर अधिक लिहिणे भाग आहे.

फॅब्रिकेटरची पारख पाटीवरून होत नाही. पाटीवर सरकारमान्य लिहिलेले असते, त्याचा अर्थ बहुधा उद्यम नोंदणी इतकाच असतो. ती नोंदणी फुकट होते, स्वतःच्याच माहितीवर होते, आणि कामाच्या दर्जाबद्दल ती काही सांगत नाही. जीएसटी क्रमांक थोडा अधिक बोलका आहे. तो पंधरा अंक-अक्षरांचा असतो, महाराष्ट्रात २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की नोंदणी कोणाच्या नावाने आहे, कधीची आहे, चालू आहे की रद्द झाली, हे कोणालाही दिसते. वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या सेवा देणाऱ्याला सामान्यतः ही नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे क्रमांक नसणे हा गुन्हा नव्हे. पण क्रमांक नसताना कर लावणे हा मात्र आहे. बिल नको असेल तर अठरा टक्के वाचतील, हे वाक्य ऐकायला गोड लागते. त्या अठरा टक्क्यांत पुढच्या प्रत्येक तक्रारीचा पुरावा विकला जातो.

खरी पारख जुन्या कामांवर होते. ठेकेदार मोबाइलमध्ये जे फोटो दाखवतो ती नवी कोरी कामे असतात, आणि नवा पत्रा कोणाचाही चकाकतो. त्याने तीन-चार पावसाळ्यांपूर्वी केलेले काम पाहावे. तिथे गेल्यावर घरातल्या पुरुषाशी बोलण्याआधी बाईला विचारावे, कारण गळतीखाली बादली तिनेच ठेवलेली असते. पत्र्याच्या स्क्रूभोवती गंजाचे ओघळ आहेत का, रबरी वॉशर तडकून पडले आहेत का, वेल्डिंगच्या जागी रंग फुगला आहे का, एवढे खालून मान वर करून दिसते. आणि शेवटचा हप्ता दिल्यानंतर एखादा स्क्रू बदलायला तो माणूस परत आला होता का, हा प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर मिळाले की बाकीच्या चौकशीला फार अर्थ उरत नाही.

मग कोटेशन. तीन ठिकाणचे दर घ्यावेत असे सगळेच सांगतात, पण तिघांनी तीन वेगळ्या गोष्टींचे दर दिले तर तुलना कशाची करणार? गच्चीवर २० फूट बाय ३० फुटांची शेड घ्यायची आहे असे समजा. जमिनीवर मोजले तर ती ६०० चौरस फूट होते. पत्र्याला उतार असतो आणि चारी बाजूंनी तो वळचणीला बाहेर काढलेला असतो, म्हणून प्रत्यक्ष पत्रा २२ बाय ३३, म्हणजे ७२६ चौरस फूट भरू शकतो. दर चौरस फुटावर ठरला आणि मोजायचे काय हे ठरलेच नाही, तर बिलाच्या दिवशी १२६ चौरस फूट आकाशातून पडतात. दोन्ही मापे रास्त आहेत. कोणते धरायचे ते आधी लिहिलेले हवे. पन्हाळ, रिज, बाजूचे झाकण, रंगाचे हात, क्रेन किंवा वाहतूक हे दरात आहे की वेगळे, हेही तिथेच. आणि एक गोष्ट सगळे विसरतात: जुने पत्रे व अँगल कोणाचे? भंगारात त्याचे किलोवर पैसे होतात. काम झाल्यावर ठेकेदाराचा टेंपो ते घेऊन निघतो तेव्हा वाद घालण्यापेक्षा कोटेशनमध्ये एक ओळ लिहिलेली बरी.

मालातली चोरी जाडीत असते. नालीदार पत्रा हे मोठे चतुर काम आहे. लंडनच्या हेन्री रॉबिन्सन पामर यांनी १८२९ साली त्याचे पेटंट घेतले, ते याच कल्पनेवर की सपाट पातळ पत्र्याला लाटा दिल्या की तो स्वतःच्या वजनाच्या मानाने कितीतरी ताठ होतो. ताठरपणामुळेच पातळ पत्राही हाताला जाड वाटतो. ०.५० मिलिमीटरचा ठरवून ०.४० चा आणला, तर नुसत्या नजरेने तो फरक जुन्या मिस्त्रीलाही सांगता येणार नाही. मायक्रोमीटरने मोजता येतो, पण घरोघरी मायक्रोमीटर नसतो. काटा मात्र सगळीकडे आहे. लोणी-थेऊरच्या पट्ट्यात ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला काटामारी म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही, आणि पत्र्याच्या बाबतीत तोच काटा त्याच्या बाजूने उभा राहू शकतो.

हिशेब सोपा आहे. पोलादाचा एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाडीचा तुकडा ७.८५ किलो भरतो. बाजारातला नालीदार पत्रा बहुतेक १२२० मिलिमीटर रुंदीच्या कॉइलमधून निघतो. लाटा दिल्यावर तो अरुंद दिसतो, पण धातू तेवढाच असतो. अशा रुंदीच्या दहा फुटी पत्र्याचे वजन ०.५० मिलिमीटरला सुमारे १४.६ किलो, ०.४५ ला १३.१, ०.४० ला ११.७ आणि ०.३५ ला १०.२ किलो येते. रंग आणि जस्त-ॲल्युमिनियमचा थर पोलादापेक्षा हलके असतात, म्हणून रंगीत पत्रा अर्धा-एक किलो कमी भरला तर आरडाओरडा करण्याचे कारण नाही. तीन किलो कमी भरला, तर तो ठरलेला पत्रा नव्हे. एक पत्रा किराणा दुकानाच्या काट्यावर उभा धरून तोलता येतो. मोठ्या कामाला गाडी महामार्गावरच्या वजनकाट्यावर भरलेली आणि रिकामी, अशी दोनदा घ्यावी.

जाडीचा आणखी एक खेळ शब्दांचा आहे. ०.५० म्हणजे थर आणि रंगासह की नुसते पोलाद? दोन्ही मापे बाजारात चालतात आणि दोन्ही खरी असतात. विकणारा सोयीचे सांगतो. थराचेही तसेच. नुसत्या जस्ताच्या पत्र्यावर चौरस मीटरमागे दोन्ही बाजू मिळून १२० ग्रॅम जस्त आहे की २७५, यावर त्याचे आयुष्य ठरते. जस्त-ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर १५० ग्रॅमचा थर चांगला मानतात. नामांकित कंपन्यांच्या पत्र्याच्या मागच्या बाजूला ठरावीक अंतराने कंपनी, जाडी आणि थर छापलेला असतो. छाप नसेल, किंवा बोटाने घासल्यावर पुसला जात असेल, तर तो पत्रा कोणत्या कंपनीचा हे ठेकेदाराच्या तोंडावरून ठरवायचे नसते.

पाइपचीही तीच गोष्ट. ५० बाय ५० चा, २ मिलिमीटर जाडीचा, सहा मीटर लांबीचा चौकोनी पाइप सुमारे साडेसतरा किलो भरतो, तोच १.६ मिलिमीटरचा सव्वाचौदा. तोंडाला दोन्ही सारखेच दिसतात, कारण कापलेल्या कडेला धातूचा कंगोरा उठलेला असतो आणि तो जाडी फुगवून दाखवतो. स्ट्रक्चर किलोच्या दराने ठरवले तर ठेकेदाराला जड माल घालण्यात फायदा, चौरस फुटाने ठरवले तर हलका घालण्यात. घरमालकाने जाडी लिहून घ्यावी, दर चौरस फुटाने ठरवावा आणि काटा स्वतः करावा. तिन्ही एकत्र केले तर खेळायला फारशी जागा उरत नाही.

यावरचा जुना उपाय म्हणजे माल स्वतः घेणे आणि काम मजुरीवर देणे. यात व्याप आहे. स्क्रू संपले की मालकाने धावायचे, आणि उद्या गळले तर मिस्त्री मालाकडे बोट दाखवणार आणि दुकानदार मिस्त्रीकडे. तरीही लहान घरासाठी हाच मार्ग बरा, आणि त्याचे कारण गॅरंटी आहे. कंपनी जी वॉरंटी देते ती पत्रा गंजून भोक पडणे, रंग सोलपटणे अशा दोषांची असते, ती बसवण्याची नसते, आणि ती मागायला पत्र्याचे पक्के बिल लागते. ठेकेदाराने दहा घरांचा माल स्वतःच्या नावावर एकत्र उचलला असेल तर त्या दहापैकी एकाही घराच्या हातात काही नसते. म्हणून माल कोणीही आणो, दुकानदाराचे बिल घरमालकाच्या नावाने फाडलेले हवे आणि पैसे थेट दुकानदाराच्या खात्यात गेलेले हवेत. ठेकेदाराला यात अपमान वाटत असेल, तर त्या अपमानाची किंमत किती, हे त्याच्याच कोटेशनमधून कळते.

छप्पर उडते ते हलक्या पत्र्यामुळे कमी आणि ढिल्या बांधणीमुळे जास्त. भारतीय मानकानुसार (आयएस ८७५, भाग ३) पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरतात. एवढा वारा चौरस मीटरमागे ढोबळमानाने नव्वद किलोच्या जोराने पत्रा वर ओढू शकतो. पत्र्याचे स्वतःचे वजन तेवढ्याच जागेत पाच किलोही नसते. वर सांगितलेल्या ६०० चौरस फुटांच्या शेडवर हा जोर पाच टनांच्या घरात जातो. पत्र्यावर ठेवलेले दगड आणि जुने टायर या हिशेबात कुठेच बसत नाहीत. दगड तर वादळात शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन पडतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळून पुणे जिल्ह्यातून पुढे गेले तेव्हा खेड, मावळ, जुन्नरपर्यंत छपरे उडाली. समुद्र दूर असला तरी वारा आत येतो, हे तेव्हा दिसले. त्यानंतर कोकणात पत्रा आणि पत्रा बसवणारा हात, दोन्ही दुर्मिळ झाले, आणि अशा टंचाईत दर्जा विचारणारा कोणी उरत नाही.

म्हणून ठेकेदाराला विचारण्याचा पहिला प्रश्न रंगाचा नसून खांब कशात रोवणार, हा असावा. गच्चीच्या चार-सहा इंची कठड्यावर बेस प्लेट ठेवून दोन फास्टनर मारले, तर वादळात कठड्यासकट शेड जाते. खांब खालच्या कॉलम किंवा बीमच्या डोक्यावर यायला हवेत. कडेला, कोपऱ्यात आणि रिजजवळ वाऱ्याची ओढ सर्वाधिक असते, तिथे स्क्रू दाट हवेत. मजूर मात्र सगळीकडे सारख्या अंतरावर मारत जातात, कारण कडेला ओणवे होऊन काम करणे अवघड असते. छपरावर स्क्रू लाटेच्या उंचवट्यावर मारलेला बरा, पाणी वाहते त्या खोलगटात नव्हे. स्क्रू इतकाच आवळावा की रबरी वॉशर दबेल, चेंगरून बाहेर येणार नाही. लोणीच्या उन्हात पत्रा इतका तापतो की दहा मीटरची लांबी दिवस-रात्रीत पाच-सहा मिलिमीटर कमी-जास्त होते; जास्त आवळलेला वॉशर त्यात फाटतो, आणि गळती दुसऱ्या वर्षी सुरू होते. पहिल्या वर्षी सगळी छपरे चांगली असतात. दोन पत्र्यांचा उभा सांधा किमान सहा इंचांचा ठेवावा, उतार कमी असेल तर आठचा. हे सगळे पाहायला अभियंता लागत नाही. काम चालू असताना घरातले कोणीतरी शिडीवर जाऊन पाहणारे हवे, एवढेच.

पन्हाळीकडे कोणी लक्ष देत नाही. हजार चौरस फुटांच्या छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ९३ लिटर पाणी. तासाभरात पन्नास मिलिमीटरचा पाऊस झाला तर साडेचार हजार लिटरच्या वर. ते शेजाऱ्याच्या भिंतीवर सोडले की पुढचे भांडण ठेकेदाराशी न होता आयुष्यभराच्या शेजाऱ्याशी होते.

स्लॅबच्या गळतीत फसवणूक करणे आणखी सोपे आहे, कारण केलेले काम दिसत नाही. वॉटरप्रूफिंगच्या नावाने गच्चीला पांढरा थर फासून जाणे म्हणजे शब्दशः चुना लावणे. ऊन परतवणारा पांढरा रंग खोली थंड ठेवतो, पाणी अडवतोच असे नाही. त्यावर लिहिलेले वाचावे. गळती बहुधा स्लॅबच्या मधून नसते. ती कठडा आणि स्लॅबच्या सांध्यातून, पाणी उतरण्याच्या तोंडाशी, टाकीच्या पाइपभोवती किंवा जुन्या चिरेतून येते. चांगला माणूस आधी या जागा खडूने खुणा करून दाखवतो, फुटलेला कोबा किती काढायचा ते सांगतो, कठड्याच्या सांध्यात वाटा मारतो आणि उतार पाण्याच्या तोंडाकडे नेतो. वाईट माणूस डबा उघडतो. काम झाल्यावर पाणी उतरण्याचे तोंड बुजवून गच्चीवर दोन इंच पाणी भरावे, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारावी आणि किमान ४८ तास खालून पाहावे. पाणी भरून दाखवायला जो तयार नाही, त्याच्या दहा वर्षांच्या गॅरंटीला काय अर्थ? अशी गॅरंटी मुद्रांकावर लिहून दिली तरी, देणाऱ्याचा पत्ता आणि ओळखपत्राची प्रत सोबत नसेल, तर ती मुद्रांकाच्या किमतीचीही नसते.

राजबाग, कदमवाकवस्ती, लोणी स्टेशन या बाजूला गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या सोसायट्यांनी वॉटरप्रूफिंगवाला शोधण्याआधी तारीख पाहावी. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष लक्षात आणून दिला, तर विकासकाने तो तीस दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. वर्गणी काढून गच्ची आपणच फोडली की मूळ दोष कोणाचा हे सिद्ध करणे कठीण होते. मुदत संपली असेल तर शेवटच्या मजल्यावरच्या छताची गळती ही आदर्श उपविधींनुसार सोसायटीची जबाबदारी आहे, वरच्या सदनिकाधारकाची एकट्याची नाही.

गच्चीवर शेड घालताना परवानगी लागत नाही, सगळेच करतात, हे वाक्य ठेकेदार सहज टाकतो. हा भाग पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत येतो आणि अनधिकृत बांधकामाची नोटीस मालकाच्या नावाने निघते, ठेकेदाराच्या नव्हे.

घरकुलाच्या लाभार्थ्यांची गोष्ट वेगळी आणि जास्त नाजूक आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागातल्या ग्रामीण घराला १ लाख २० हजार रुपये टप्प्याटप्प्याने थेट लाभार्थ्याच्या खात्यात येतात आणि प्रत्येक टप्प्याला जागेवरचा फोटो लागतो. पूर्ण घर बांधून देतो म्हणून जो ठेकेदार पासबुक आणि एटीएम कार्ड स्वतःकडे ठेवायला मागतो, त्याच्याशी व्यवहार तिथेच थांबवावा. वादळात पत्रे उडाले तर तलाठ्याचा पंचनामा होईपर्यंत फुटका माल जागेवर राहू द्यावा आणि फोटो काढून ठेवावेत. भरपाई मिळवून देतो म्हणून टक्केवारी मागणाऱ्याची पंचनाम्याला गरज नसते. घरावरच्या सौर पॅनेललाही हेच लागू आहे. पीएम सूर्यघर योजनेचे अनुदान, जास्तीत जास्त ७८ हजार, ग्राहकाच्या खात्यात जमा होते.

हप्त्यांचा विषय शेवटी येतो, पण खरे संरक्षण तिथेच आहे. मालाचे पैसे दुकानदाराला थेट गेले, की ठेकेदाराला उचल फक्त मजुरीपुरती लागते. ती एकूण मजुरीच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक असू नये. पुढचा हप्ता स्ट्रक्चर उभे राहून मोजल्यावर, त्यानंतरचा पत्रा बसल्यावर, आणि दहा-पंधरा टक्के पहिल्या मोठ्या पावसानंतर. सरकारी कामातल्या सुरक्षा ठेवीचेच हे घरगुती रूप. ठेकेदाराची बाजूही इथे ऐकायला हवी, कारण पाऊस होऊन गेल्यावर, काही गळत नसताना, रंग फिका वाटतो असे म्हणून शेवटचे पैसे बुडवणारे घरमालक गावात कमी नाहीत. राखलेली रक्कम किती दिवसांत द्यायची, हेही त्याच कागदावर लिहिले तर चांगला ठेकेदार हा करार नाकारत नाही. पैसे खात्यातून जावेत. ऑनलाइन स्वस्त पत्रा विकणाऱ्याला तो माल न पाहता आगाऊ पैसे पाठवू नयेत. पाठवले गेलेच तर बँकेत चकरा मारण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा, कारण पैसे गोठवण्याची संधी पहिल्या काही तासांतच असते.

मजुराच्या जिवाचाही करारात उल्लेख हवा. जुना सिमेंटचा पत्रा पायाखाली फुटतो, लांब पाइप फिरवताना महावितरणच्या तारेला लागतो. सुरक्षापट्टा कोण आणणार आणि अपघात झाला तर विमा कोणाचा, हे विचारल्यावर जो हसतो, त्याला काम देऊ नये. जुन्या सिमेंट पत्र्यात बहुधा ॲस्बेस्टॉस असते. तो ओला करून सबंध उतरवावा, फोडून खाली टाकू नये.

व्यवहार फसलाच, तर तक्रार कुठे करायची हे फसवणुकीच्या जातीवर ठरते. काम करण्याचा इरादाच नसताना पैसे उकळले असतील, खोटे नाव-पत्ता दिला असेल, तर ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालची फसवणूक, आणि तक्रार २०२१ पासून पुणे शहर आयुक्तालयात आलेल्या लोणी काळभोर पोलीस ठाण्यात करायची. काम सुरू झाले पण वाईट झाले किंवा अर्धवट राहिले, तर पोलीस त्याला दिवाणी वाद म्हणतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबर असतात. अशा वेळी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ उपयोगी पडतो. घरबांधणी ही सेवा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात स्पष्ट केले. तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार चालते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. त्याआधी लेखी नोटीस द्यावी, किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर नोंद करावी. ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यातच उभी केली होती, आणि त्याच जिल्ह्यातल्या माणसाला तक्रार कुठे करायची हे ठाऊक नसावे, हे जरा विचित्र आहे.

ग्रामपंचायतीला यासाठी निधी जवळजवळ लागत नाही. १ मेची ग्रामसभा नेमकी छपरांच्या हंगामात येते. त्या सभेत एका पानाचा करारनामा मंजूर करून त्याच्या छापील प्रती कार्यालयात ठेवता येतील: मोजण्याची पद्धत, पत्र्याची व पाइपची जाडी, थराचे ग्रॅम, बिल कोणाच्या नावाने, भंगार कोणाचे, हप्ते, राखीव रक्कम आणि ती देण्याची तारीख, दोन साक्षीदार. वजनांचा तक्ता फलकावर लावता येईल. आणि एक मायक्रोमीटर, शाळेतल्या भूमितीच्या पेटीएवढा, कार्यालयाच्या कपाटात ठेवून सही घेऊन दिवसभरासाठी देता येईल. ग्रामपंचायतीने छापलेला कागद पुढे केला की भावकीतल्या ठेकेदाराकडून लिहून घेताना घरमालकाला संकोच वाटणार नाही. कागद त्याने मागितलेला नसतो, तो गावाचा नियम असतो.

प्रत : ग्रामपंचायत कार्यालयाचा सूचनाफलक